जुना व्यावसायिक डीएसएलआर की नवा कॉम्पॅक्ट? बुरोंडीच्या किनाऱ्यावरून काही अनुभवाचे बोल

डीएसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला प्रकाश तिरक्या आरशावर पडतो, तिथून वर प्रिझमकडे वळतो आणि डोळ्यापर्यंत पोचतो. बटण दाबले की आरसा उचलला जातो, शटर उघडते आणि तोच प्रकाश सेन्सरवर जातो. कॉम्पॅक्टमध्ये आरसाही नाही आणि लेन्स बदलण्याची सोयही नाही. सेन्सर सतत उघडा असतो, त्याच्यावर उमटलेले चित्र मागच्या पडद्यावर दिसते आणि लेन्स तीन-चार नळ्यांच्या रूपाने बॉडीतून बाहेर सरकते. दोन कॅमेऱ्यांतले बहुतेक सगळे फरक या रचनेतून निघतात. किनाऱ्यावर कोणता कॅमेरा आधी बिघडेल हेही त्यातूनच ठरते.

इथे ‘जुना व्यावसायिक’ म्हणजे साधारण २००५ ते २०१० या काळातल्या पूर्ण आकाराच्या सेन्सरच्या बॉड्या : कॅनन ईओएस ५डी (२००५), निकॉन डी३ (२००७), निकॉन डी७०० आणि कॅनन ५डी मार्क टू (दोन्ही २००८). ‘नवा कॉम्पॅक्ट’ म्हणजे एक इंची सेन्सरचे खिशात मावणारे कॅमेरे. ही जात रुळली ती २०१२ च्या सोनी आरएक्स१०० पासून. त्याच मालिकेतला सातवा कॅमेरा २०१९ चा, आणि कॅननचे जी७एक्स याच वर्गातले. त्याआधीचे नखाएवढ्या सेन्सरचे स्वस्त कॉम्पॅक्ट या तुलनेत धरलेले नाहीत. जगभरात २०१० साली डिजिटल कॅमेऱ्यांची विक्री १२ कोटींवर गेली होती. मोबाइलने ती बाजारपेठ गिळली आणि दहा वर्षांत आकडा एक कोटीच्या खाली आला. उरले ते मोबाइलपेक्षा स्पष्टपणे सरस असलेले कॉम्पॅक्ट. दुसरीकडे व्यावसायिक छायाचित्रकार मिररलेसकडे वळले आणि त्यांचे जुने डीएसएलआर वापरलेल्या मालाच्या बाजारात आले. म्हणून आज बुरोंडीच्या दापोली तालुक्यातल्या एखाद्या होतकरू मुलासमोर किंवा घरगुती निवास चालवणाऱ्या कुटुंबासमोर हे दोन पर्याय येऊन उभे राहतात.

पहिला हिशेब सेन्सरचा. पूर्ण आकाराचा सेन्सर ३६ × २४ मिलिमीटर, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. एक इंची म्हटला जाणारा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिलिमीटर, म्हणजे ११६ चौरस मिलिमीटर. क्षेत्रफळात सव्वासात पटींहून जास्त अंतर आहे. सारख्या प्रकाशात, सारख्या छिद्राच्या लेन्समागे, मोठा सेन्सर तितक्या पटीने जास्त प्रकाश गोळा करतो. अंधारातला फोटो रवाळ दिसतो तो प्रकाश कमी पडल्यामुळे, त्यामुळे हा फरक थेट चित्रात उतरतो. मधल्या वर्षांत सेन्सरचे तंत्र सुधारले. आरएक्स१०० मालिकेत २०१३ पासून मागच्या बाजूने प्रकाश घेणारा सेन्सर आला. त्याने अंतर थोडे कमी केले, पण मिटवले नाही. डीएक्सओमार्क या चाचणी-संस्थेच्या मोजणीत कमी प्रकाशातली क्षमता डी७०० ची २३०३ आयएसओ आणि पहिल्या आरएक्स१०० ची ३९० आयएसओ आहे, म्हणजे सुमारे सहापट किंवा अडीच स्टॉप. उजेड भरपूर असताना मात्र चित्र वेगळे आहे. अगदी काळ्यापासून अगदी पांढऱ्यापर्यंतची छटांची पल्लेदारी त्याच मोजणीत डी७०० ची १२.२ आणि आरएक्स१०० ची १२.४ स्टॉप आहे. २००५ ची कॅनन ५डी तर ११.१ वर, म्हणजे भर दिवसा नवा कॉम्पॅक्ट तिच्या पुढेच आहे.

इथपर्यंतचे गणित बहुतेक खरेदीदारांना ऐकून माहीत असते आणि त्यावरच ते निर्णय घेतात. घोळ होतो तो इथेच. सेन्सर एकटा फोटो काढत नाही, त्याच्यापुढे लेन्स असते. डी७०० ची बॉडी स्वस्तात मिळते, मग तिच्यावर बजेटात बसेल ती एफ ४ छिद्राची झूम लावली जाते. आरएक्स१०० ची लेन्स पूर्ण रुंद कोनात एफ १.८ उघडते. एफ ४ आणि एफ १.८ यांच्यात प्रकाशाचा पाचपट फरक आहे. सेन्सरने मिळवलेली सहापट आघाडी लेन्सने पाचपट घालवली, तर हाती उरते फार तर वीस टक्के. तेवढ्यासाठी दोन किलोचे ओझे खांद्यावर वागवण्यात अर्थ नाही. त्याच डी७०० वर पन्नास मिलिमीटर एफ १.८ ही साधी, हलकी, स्वस्त लेन्स लावली की सहापट आघाडी पूर्ण परत मिळते. आणि कॉम्पॅक्ट झूम करून शंभर मिलिमीटरवर नेला की त्याचे छिद्र एफ ४.९ पर्यंत आक्रसते. तिथे डीएसएलआरवर पंच्याऐंशी मिलिमीटर एफ १.८ असेल, तर दोघांतले अंतर चाळीस पटींच्या पुढे जाते.

जुना व्यावसायिक डीएसएलआर ही म्हणून अर्धीच खरेदी असते. उरलेली अर्धी लेन्स. पैसे मोजके असतील तर बॉडी आणखी जुनी चालेल, पण लेन्स मंद, म्हणजे कमी उघडणारी, चालणार नाही. ५डी आणि पन्नासची एफ १.८ ही जोडी डी७०० आणि मंद झूम या जोडीपेक्षा रात्री सरस ठरते, हे बुरोंडीच्या शिमग्यात दरवर्षी पडताळून पाहता येते.

शिमगा ही या किनाऱ्यावरची कॅमेऱ्याची सगळ्यात कठीण परीक्षा. ग्रामदेवतेची पालखी खांद्यावर नाचवली जाते तेव्हा उजेड असतो तो एखाद्या एलईडी दिव्याचा, कुठे होळीच्या जाळाचा, कुठे घराच्या पडवीतल्या बल्बचा. पालखी घेणारे गोल फिरतात, मध्येच बसतात, एकदम उसळतात. त्यांचे चेहरे घामाने चमकतात आणि मागचा गर्दीचा भाग काळोखात बुडालेला असतो. हालचाल थांबवायला सेकंदाचा १/१२५ भाग तरी शटर लागते. एफ १.८ वर, आयएसओ ३२०० ला, डी७०० असा फोटो देतो ज्यात गुलाल कपाळावर वेगळा आणि घाम वेगळा दिसतो. कॉम्पॅक्ट रुंद कोनात, अगदी जवळ घुसून, तेच छिद्र आणि तोच वेग देऊ शकतो. रवा जास्त येतो, तरी मोबाइलवर किंवा छोट्या छपाईत तो खपून जातो. पण गर्दीच्या मागून झूम करून एकच चेहरा टिपायचा म्हटले, तर एफ ४.९ वर त्याला चोवीस हजारांच्या आसपास आयएसओ लागेल. तिथे चेहऱ्याचे रंगीत डाग होतात.

या प्रसंगी आणखी एक गोष्ट नडते. नव्या कॉम्पॅक्टमध्ये सेकंदाला वीस फोटो देणारे इलेक्ट्रॉनिक शटर असते आणि ते चालू करण्याचा मोह होतो. एलईडीचे बरेच दिवे डोळ्याला दिसत नाही इतक्या वेगाने मिणमिणतात. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचते, त्यामुळे फोटोत आडवे पट्टे उमटतात. रात्रीच्या कार्यक्रमात यांत्रिक शटरच ठेवावे, वेग कमी मिळाला तरी. आणि कॅमेरा कोणताही असो, होळीच्या जाळाच्या उजेडात समोरून फ्लॅश मारू नये. तो जाळाचा रंगच पुसून टाकतो.

दिवसा पारडे फिरते. सकाळी होड्या बंदरात आल्या की वाळूवर टोपल्या उतरतात, बर्फ फोडला जातो, म्हावऱ्याभोवती गिऱ्हाइकांचे कोंडाळे होते. हे दृश्य जवळून टिपायला कॉम्पॅक्ट उत्तम. माणसे त्याच्याकडे फारसे लक्ष देत नाहीत. मोठी काळी लेन्स रोखली की तांडेल काम थांबवून उभा राहतो आणि कोळीण पदर तोंडावर घेते किंवा सरळ हटकते. (हटकले तर थांबावे. फोटोसाठी आधी विचारणे हे कोणत्याही कॅमेऱ्याने चुकत नाही.) रुंद कोनात आरएक्स१०० पाच सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते आणि लहान सेन्सरमुळे पुढचे-मागचे दोन्ही स्पष्ट राहते. बांगड्याच्या पाठीवरच्या रेघा, ओल्या खवल्यांवरची चमक आणि मागची टोपली हे सगळे एका फोटोत हवे असेल, तर डीएसएलआरला वेगळी मॅक्रो लेन्स लागते आणि छिद्र बरेच बंद करावे लागते.

दुपारचे ऊन हा दुसरा प्रश्न. टोपीखालचा किंवा डोक्यावरच्या टोपलीखालचा चेहरा काळा पडतो आणि मागचा समुद्र पांढराफटक होतो. उपाय म्हणजे भर उन्हात थोडा फ्लॅश. डी७०० चे पडद्याचे शटर फ्लॅशबरोबर सर्वसाधारणपणे १/२५० पर्यंतच नीट जुळते. त्याहून वेगात जायचे तर वेगळा फ्लॅश आणि वेगळी पद्धत लागते आणि फ्लॅशची ताकद घटते. कॉम्पॅक्टचे शटर लेन्समध्येच पाकळ्यांचे असते आणि आरएक्स१०० मध्ये ते १/२००० पर्यंत फ्लॅशशी जुळते. त्यामुळे हाताच्या अंतरावरच्या चेहऱ्यावर त्याचा चिमुकला फ्लॅशही पुरेसा पडतो. हा कॉम्पॅक्टचा फार मोठा गुण आहे आणि त्याचा उपयोग फार थोडे लोक करतात.

त्याच उन्हात कॉम्पॅक्टची एक उणीव उघडी पडते. मागचा पडदा दिसत नाही. वाळूवरून परतलेल्या प्रकाशात चौकट अंदाजाने धरावी लागते आणि क्षितिज हमखास तिरपे येते. डीएसएलआरच्या प्रिझममधून डोळा लावून पाहताना हा त्रास नाही. म्हणून किनाऱ्यावरच्या वापरासाठी कॉम्पॅक्ट घ्यायचा तर डोळा लावण्याची खिडकी असलेलाच घ्यावा. आरएक्स१०० मालिकेत ती तिसऱ्या आवृत्तीपासून, २०१४ पासून, आत दडवलेली मिळते. कॅननच्या जी७एक्स मध्ये ती नाही.

बुरोंडीत अर्धगोलाकार पृथ्वीवर उभा असलेला परशुरामाचा पुतळा पाहायला पर्यटक थांबतात. संध्याकाळी मागे पश्चिमेचे आकाश पेटलेले आणि पुतळा सावलीत, असा तो विषय आहे. इथे दोन्ही कॅमेरे सारखेच समर्थ आहेत, कारण पायाच्या आयएसओला पल्लेदारी जवळजवळ सारखी आहे. अट एकच. जेपेग न काढता रॉ फाइल काढावी, आकाश जळणार नाही इतपत फोटो गडद ठेवावा आणि सावली नंतर उचलावी. शेजारच्या लाडघरच्या तामसतीर्थाच्या तांबूस किनाऱ्याबाबतही तेच. कॅमेऱ्याने आपोआप ठरवलेला रंग तिथली तांबूस छटा पुष्कळदा धुऊन टाकतो. रॉ असेल तर ती परत आणता येते.

लांबचे आणि हलते विषय हा पुन्हा डीएसएलआरचा प्रांत. दक्षिणेला कोळथऱ्याच्या किनाऱ्यावर, तसेच मंडणगड तालुक्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात सोडली जातात, ती पहाटे किंवा सूर्य कलल्यावर. प्रेक्षकांना दोरीमागे उभे करतात, फ्लॅशला मनाई असते आणि ती असायलाच हवी. दोनशे मिलिमीटरवर एफ २.८ ची लेन्स आणि डी७०० विरुद्ध दोनशेवर एफ ४.५ चा सातवा आरएक्स१००, असा सामना लावला तर प्रकाशाचे अंतर पंधरा पटींच्या आसपास निघते. कॉम्पॅक्टच्या बाजूने एवढेच म्हणता येते की तो मुका आहे. डी७०० चा आरसा आपटल्याचा आवाज शांत पहाटे शेजाऱ्यांच्या कपाळावर आठी आणतो.

फोकसच्या बाबतीत जुना समज बदलायला हवा. पहिल्या आरएक्स१०० चा फोकस पुढे-मागे चाचपडत जागा शोधायचा, त्यामुळे लाटेवर उसळलेला डॉल्फिन हमखास हुकायचा. मालिकेतल्या पाचव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, सेन्सरवरच फेज मोजणारे बिंदू आले. सातव्या आवृत्तीत ते ३५७ आहेत आणि माणसाचा डोळा ओळखून त्याला धरून ठेवण्याची सोय आहे. डी७०० चे ५१ बिंदू चौकटीच्या मध्यभागीच दाटलेले आहेत आणि खिडकीतून पाहताना त्याला चेहरा ओळखता येत नाही. कडेवरचे नाचरे मूल टिपायला आज नवा कॉम्पॅक्ट जास्त भरवशाचा. लाडघर-कर्दे बाजूला होडीतून डॉल्फिन पाहायला जाताना मात्र लांब लेन्सचा डीएसएलआरच न्यावा. लेन्स किनाऱ्यावरच लावून घ्यावी आणि होडीत बदलू नये. पाण्याचा एक तुषार आत गेला की सेन्सरवर मिठाचा ठिपका बसतो आणि तो पुसताना काचेवर ओरखडा येऊ शकतो.

छपाईचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. डी७०० चे १२ मेगापिक्सेल इंचाला ३०० ठिपक्यांच्या छपाईत सुमारे १४ × ९ इंच भरतात, आरएक्स१०० चे २० मेगापिक्सेल १८ × १२ इंच. कॉम्पॅक्टमध्ये छिद्र एफ ५.६ च्या पलीकडे बंद केले की लहान सेन्सरमुळे रेघा मऊ होऊ लागतात, एवढे लक्षात ठेवावे. व्हिडिओ हवा असेल तर डी७०० आणि पहिली ५डी बादच, कारण त्यांत ती सोय नाही. ५डी मार्क टू चांगला व्हिडिओ देते, पण चालत्या विषयावर फोकस हाताने फिरवावा लागतो. घरगुती निवासाच्या जाहिरातीसाठी फोटो आणि व्हिडिओ दोन्ही हवे असतात, आणि त्या कामाला कॉम्पॅक्ट पुरून उरतो.

विजेचा हिशेब शहरात कोणी करत नाही, इथे करावा लागतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. एरवीही पावसाळ्यात तासन्‌तास ती जाते. डी७०० एका चार्जमध्ये हजार फोटोंपर्यंत जाते, पहिली आरएक्स१०० सुमारे ३३० आणि सातवी २६०. या आकड्यांवर डीएसएलआर जिंकतो. पण त्याची बॅटरी बाहेर काढून भिंतीच्या चार्जरलाच लावावी लागते. कॉम्पॅक्ट मोबाइलच्या वायरने, पॉवर बँकेवर किंवा जीपच्या सॉकेटवर चार्ज होतो. लांबलेल्या अंधारात ही सोय जास्त मोलाची ठरते. पंचनाम्यासाठी पडलेली नारळ-सुपारीची बाग आणि उडालेले पत्रे टिपून ठेवायचे असतील, तर जो कॅमेरा चालू आहे तोच चांगला.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, जो तुलनेच्या तक्त्यांत कुठेच नसतो. या किनाऱ्यावर कॅमेरे मरतात ते खारी हवा, वाळू आणि दमटपणा यांमुळे.

कॉम्पॅक्टची नळी बाहेर येते आणि आत जाते, तेव्हा ती हवा आत ओढते. त्या हवेबरोबर बारीक वाळू आणि मिठाचे कण जातात. लाडघरच्या वाळूत वाऱ्याच्या दिवशी चालू ठेवलेल्या एका कॉम्पॅक्टची नळी संध्याकाळी करकर वाजू लागली आणि दुसऱ्या दिवशी अर्धवट बाहेर अडकून बसली. पडद्यावर लेन्सची चूक असल्याची सूचना आली आणि दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीच्या जवळ गेला. हा अनुभव या पट्ट्यात अनेकांच्या वाट्याला आलेला आहे. म्हणून वाळूत कॉम्पॅक्ट चालू-बंद कमीत कमी करावा. वारा असेल तर नळी बाहेर असताना खिशात किंवा पिशवीत टाकू नये. करकर ऐकू आली की झूम करून पाहण्याचा मोह टाळावा, कॅमेरा बंद करावा, नळी खाली धरून हवेच्या रबरी फुग्याने कडा साफ करावी. आत धूळ गेली तर ती सेन्सरवर बसते आणि पूर्ण कॅमेरा खोलल्याशिवाय निघत नाही.

डी३, डी७०० यांसारख्या बॉड्यांना सांध्यांवर धूळ-पाणी रोखणारी रबरे असतात. तरी पंधरा वर्षांनी ती रबरे नव्यासारखी राहिलेली नसतात, हे विसरू नये. लेन्सचे मागचे टोक रबरी कड्याचे नसेल तर बॉडीची सुरक्षा निम्मी होते. किनाऱ्यावरून परतल्यावर दोन्ही कॅमेऱ्यांची काळजी एकाच क्रमाने घ्यावी. आधी फुग्याने वाळू उडवावी, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने बॉडी पुसावी, मग कोरड्या कापडाने. कोरडे कापड आधी फिरवले तर मीठ आणि वाळू घासली जाते. लेन्सपुढे साधा पारदर्शक फिल्टर लावून ठेवला तर मिठाचा थर त्याच्यावर बसतो आणि तो बदलता येतो.

बुरशी हा डीएसएलआरच्या मालकाचा खरा शत्रू. दापोलीकडे वर्षाला सुमारे साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता खाली येतच नाही. आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर टिकून राहिली की लेन्सच्या काचांमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरतात. सुरुवातीला ते फोटोत दिसत नाहीत. मग उजेडाकडे रोखलेल्या फोटोत धुरकटपणा येतो आणि शेवटी बुरशीच्या आम्लाने काचेवरचा लेप कायमचा खरवडला जातो. चामड्याच्या किंवा फोमच्या पिशवीत पावसाळाभर ठेवलेली लेन्स दसऱ्यापर्यंत हमखास बुरशी धरते. पिशवी प्रवासासाठी असते, साठवणीसाठी नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि एक स्वस्त आर्द्रतामापक ठेवावा आणि काटा चाळीस ते पन्नासच्या दरम्यान राखावा. जेलचे दाणे रंग बदलले की ते मंद आचेवर तव्यावर गरम करून पुन्हा वापरता येतात. तांदूळ ठेवू नयेत, त्यांची भुकटी कॅमेऱ्यात जाते. विजेवरची कोरडी पेटी उत्तम, पण वीज गेल्यावरही झाकण बंद राहिले पाहिजे. दर आठवड्याला लेन्स बाहेर काढून हाताळली आणि फोकसची कडी फिरवली, तर बुरशीला निवांत जागा मिळत नाही. एसीच्या खोलीतून दमट अंगणात येताना कॅमेरा अर्धा तास पिशवीत बंदच ठेवावा, नाहीतर काचेवर दव धरते.

खरेदी बहुधा मुंबईत होते. फोर्टमधल्या बोरा बाजाराच्या परिसरात वापरलेले कॅमेरे हातात घेऊन पाहता येतात आणि ते केल्याशिवाय पैसे देऊ नयेत. डीएसएलआरचे शटर किती वेळा उडाले आहे ते विचारावे. निकॉनच्या फाइलमध्ये तो आकडा लिहिलेला असतो, कॅननमध्ये तो सहज मिळत नाही. डी७०० चे शटर दीड लाख आणि डी३ चे तीन लाख वेळांसाठी तपासलेले आहे. त्यापुढेही ते चालू शकते, पण किंमत त्या हिशेबाने पाडून मागावी. पहिल्या ५डी मध्ये काही नगांचा आरसा सुटून पडायचा आणि कॅनन तो मोफत पक्का करून द्यायची, तेव्हा ते काम झाले आहे का ते पाहावे. बॅटरीच्या कप्प्यात हिरवट गंज आणि मेमरी कार्डाच्या खाचेतल्या वाकलेल्या पिना ही समुद्राकाठच्या किंवा हलगर्जी वापराची खूण. पकडीचे रबर सैल झालेले असेल तर ते बदलता येते, घाबरू नये. लेन्सच्या एका टोकाला टॉर्च धरून दुसऱ्या टोकातून पाहावे, तंतू दिसला की ती लेन्स खाली ठेवावी, भाव कितीही उतरवला तरी.

कॉम्पॅक्ट वापरलेला घ्यायचा तर नळी दहा-बारा वेळा आत-बाहेर करून कानाजवळ धरावी. पूर्ण झूम करून, छिद्र बंद करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढावा. काळे ठिपके दिसले तर धूळ आत गेलेली आहे. किनाऱ्यावर राहणाऱ्याने कॉम्पॅक्ट वापरलेला शक्यतो घेऊच नये. तो नवा, वॉरंटीसह घ्यावा, कारण त्याचे दुखणे बाहेरून दिसत नाही. डीएसएलआरचे उलट आहे : त्याची बहुतेक दुखणी दुकानातच दिसतात.

ज्याला लग्ने, पालख्या, नाट्यप्रयोग, पक्षी-प्राणी यांच्या फोटोंतून चार पैसे मिळवायचे आहेत आणि कोरडा डबा सांभाळण्याची शिस्त आहे, त्याने जुनी व्यावसायिक बॉडी आणि एफ १.८ किंवा २.८ ची एक चांगली लेन्स घ्यावी. ज्याला रोज खिशात कॅमेरा हवा, घराचे, बागेचे, पाहुण्यांचे, बंदराचे फोटो आणि व्हिडिओ हवेत, त्याने नवा कॉम्पॅक्ट घ्यावा आणि तो वाळूपासून जपावा. मोठी बॉडी घेऊन तिच्यावर मंद झूम लावणे हा मधला मार्ग मात्र कोणीच घेऊ नये. आणि वापरलेली लेन्स पावसाच्या तोंडावर, मे महिन्यात, विकत घेऊ नये. दिवाळीच्या सुमारास घ्यावी. तोवर पावसाळ्यात धरलेली बुरशी टॉर्चच्या उजेडात दिसण्याइतकी वाढलेली असते.